बैल जाण्याआधी झोपा: घरच्या संगणकावर कॅमेऱ्याची जागल

‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. दावणीचा बैल गेल्यावर गोठ्याला दार बसवायला आपण धावतो. त्या दाराचा उपयोग पुढच्या बैलाला होतो, गेलेला काही परत येत नाही. घरावर आणि आखाड्यावर कॅमेरे बसवण्याच्या बाबतीतही हेच चालले आहे. विहिरीवरची केबल गेली, दावणीच्या दोन शेळ्या गेल्या, सोयाबीनची पोती गेली, की मग घरात कॅमेऱ्याचा विषय निघतो. मग घाईने जे मिळेल ते आणले जाते आणि जिथे खिळा बसेल तिथे ठोकले जाते. पुढे प्रसंग आला की चित्रात काळोख तरी असतो, नाहीतर कोळ्याचे जाळे तरी.

आमच्या नळदुर्ग भागाचे उदाहरण घ्या. गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. अणदूर, जळकोट, इटकळ ही गावेही त्याच रस्त्याच्या अंगाला आहेत. रस्त्यामुळे बाजार जवळ आला, पण गोठ्यामागे गाडी उभी करून दहा मिनिटांत महामार्गाला लागणेही सोपे झाले. पूर्वी गावात जागल्या होता, पिकाच्या दिवसांत घरचा एक गडी माळ्यावर जागलीला जात असे. आता थोरला मुलगा पुण्याला, धाकटा सोलापुरात आणि घरी आजी-आजोबा, असे घर आळीआळीत सापडते. रात्रभर जागणार कोण? म्हणून संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यांची व्यवस्था नीट कशी बसवावी, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

ही वस्तू आहे तरी काय?

कॅमेरा म्हणजे डोळा, केबल म्हणजे शीर, संगणक म्हणजे मेंदू आणि त्यातली हार्ड डिस्क म्हणजे स्मरणशक्ती. डोळा कितीही चांगला असला तरी स्मरणशक्ती नसेल तर काल काय झाले ते सांगता येत नाही.

संगणकाला कॅमेरा जोडून नजर ठेवण्याची एक गमतीची गोष्ट आहे. १९९१ साली इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागातील मंडळींनी कॉफीच्या किटलीसमोर कॅमेरा लावला. किटली दुसरीकडे होती, जिने चढून जावे तर ती रिकामी! म्हणून आपल्या जागेवर बसूनच किटलीत कॉफी आहे की नाही ते पडद्यावर पाहायचे. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवरून जगाला दिसू लागले आणि २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. चित्र लहान होते, काळेपांढरे होते, पण त्यांना जे पाहायचे होते तेवढे त्यात दिसत होते. आपणही आधी हेच ठरवायचे आहे, की आपली किटली कोणती? नेमके काय पाहायचे आहे?

आज बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला, मेमरी कार्ड किंवा सिम घालून चालणारा सुटा कॅमेरा. दुसरा, चार-आठ कॅमेऱ्यांची तयार रेकॉर्डर पेटी, जिला दुकानदार डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणतात. तिसरा, घरच्या संगणकावर सॉफ्टवेअर घालून केलेली व्यवस्था.

खरे सांगायचे तर ज्यांना दोन-चार कॅमेरेच लावायचे आहेत आणि घरात संगणकाचे जाणते कोणी नाही, त्यांनी तयार पेटी घ्यावी. तिला वीज कमी लागते आणि देखभालही थोडी असते. संगणकाची व्यवस्था पुढील घरांना परवडते: जिथे मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला पण आता धूळ खात पडलेला संगणक आहे, जिथे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालवायचे आहेत, जिथे पुढे गोठा, गोदाम, दूध संकलन मिळून आठ-दहा कॅमेरे होणार आहेत, आणि जिथे माणूस कोण आणि शेळी कोण हे यंत्राने ओळखावे अशी गरज आहे. शिवाय पेटी बिघडली तर बहुधा ती बदलावी लागते. संगणकाचा एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो.

कॅमेरा, केबल, बॅटरी, घड्याळ यांविषयी पुढे जे सांगितले आहे ते मात्र पेटी घेणाऱ्यांनाही तितकेच लागू आहे.

आधी कागद घ्या, मग खिसा उघडा

दुकानात जाण्याआधी वहीचे एक पान घ्यावे आणि घराभोवती, गोठ्याभोवती पायी एक फेरी मारावी. एक फेरी दिवसा, एक रात्री. आत येण्याच्या वाटा किती? गाडी कुठवर येते? शेळ्या कुठे बांधतात? पोती कुठे रचतात? स्टार्टर पेटी कुठे आहे? रात्री उजेड कुठे पडतो? या सगळ्याचा साधा नकाशा काढावा. घरातल्या बायकांना जरूर विचारावे. मागच्या दाराने कोण येते-जाते आणि कुत्रे कोणत्या कोपऱ्याकडे तोंड करून भुंकते, हे त्यांनाच जास्त ठाऊक असते.

आपल्या जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, तरी शेळीचे नाव उस्मानाबादीच राहिले आहे. ती आपल्या घरची चालती-बोलती ठेव आहे. अडीअडचणीला, दवाखान्याला, मुलीच्या फीला तीच उपयोगी पडते. म्हणून नकाशावर पहिली खूण शेळ्यांच्या कोठ्यावर करावी. तिथला कॅमेरा चोरासाठी जितका उपयोगी, तितकाच विण्याच्या रात्रीही. गाभण शेळी अडली आहे का, हे अंथरुणातून मोबाईलवर पाहता येते आणि थंडीत दहा वेळा उठणे वाचते.

नळदुर्गचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना उपळी बुरूज आठवत असेल. किल्ल्याच्या आत तो उंच बुरूज आहे, वर चढले की चहूकडचा मुलूख दिसतो. दूरवरून फौज येते आहे हे तिथून कळे. पण दरवाज्यातून आत शिरणारा माणूस कोण, हे ओळखायला दरवाज्यावरच पहारा लागे. बुरजावरच्या माणसाला चेहरा दिसत नसतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. एक कॅमेरा उंचावर, सगळे अंगण दाखवणारा. तो कोणीतरी आले एवढे सांगेल. दुसरा दारावर, गोठ्याच्या तोंडाशी, माणसाच्या चेहऱ्यावर रोखलेला. तो कोण आले ते सांगेल. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा केली की दोन्ही बिघडतात.

याचा हिशोब भिंगावर असतो. साध्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायला एका मीटरच्या रुंदीत सुमारे २५० ठिपके लागतात. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी आली की चेहरा ओळखणे कठीण होते. दुकानात बहुधा मिळणारे २.८ मिलिमीटरचे भिंग फार रुंद पाहते. त्यात चेहरा सुमारे १० फुटांपर्यंतच ओळखू येतो. ६ मिलिमीटरचे भिंग अरुंद पाहते, पण त्यात सुमारे २५ फुटांवरचा चेहरा ओळखता येतो. म्हणून अंगणाला २.८ आणि फाटकाला ६, असे सांगून घ्यावे. नुसते ‘चांगला कॅमेरा द्या’ म्हटले तर दुकानदार जो शिल्लक असेल तो देईल.

उंचीचेही लक्षात ठेवा. चेहरा टिपणारा कॅमेरा जमिनीपासून ८ ते १० फुटांवर असावा. पंधरा-वीस फुटांवर लावला तर वरून नुसती टोपी दिसते. फार खाली लावला तर काठीने फिरवता येतो. ढेलजेतून बाहेरच्या उजेडाकडे पाहणारा कॅमेरा असेल तर माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो. अशा जागी ऊन-सावली सांभाळणारा, दुकानदाराच्या भाषेत ‘डब्ल्यूडीआर’ असलेला कॅमेरा मागावा. उगवतीच्या किंवा मावळतीच्या उन्हासमोर कोणताच कॅमेरा धरू नये.

केबल, उंदीर आणि वीज

आता बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांना एकाच केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येते. तिला ‘पीओई’ म्हणतात आणि त्यासाठी त्याच नावाचा स्विच लागतो. ही केबल १०० मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३३० फुटांपर्यंतच चालते. घेताना शुद्ध तांब्याची आहे का ते विचारावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर वीज कमी पडते आणि रात्री दिवा लागला की कॅमेरा बंद पडतो. उघड्यावरची केबल प्लास्टिकच्या नळीतूनच न्यावी. उंदीर आणि खारी यांना केबलचे वावडे नाही.

वैशाखातल्या वळवाच्या पावसात विजा कडाडतात, हे आपल्या माळरानावर नवे नाही. घर ते गोठा अशी उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल वीज पडली असता दोन्हीकडची यंत्रे जाळू शकते. अंतर जास्त असेल तर तांब्याऐवजी काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची केबल घ्यावी, नाहीतर दोन लहान वायरलेस ॲन्टेना समोरासमोर लावाव्यात. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. पाण्याच्या मोटारीच्या वायरीला लागून कॅमेऱ्याची केबल नेऊ नये.

दूरच्या शेतात, विहिरीवर, जिथे घरची लाईन जात नाही, तिथे सौर पट्टीवर आणि सिमवर चालणारा सुटा कॅमेरा बरा. तो मोटारीच्या खोलीवर असा बसवावा की स्टार्टर पेटी आणि तिथे येणारी वाट दोन्ही दिसतील. शेतीपंपाच्या वाहिनीवर त्याला जोडू नये. त्या वाहिनीला वीज ठराविक तासच असते आणि चोर नेमका उरलेल्या तासांत येतो.

जुना संगणक कसा तयार करावा

फार भारी संगणक लागत नाही. गेल्या आठ-दहा वर्षांतला, ८ जीबी स्मरणशक्तीचा साधा संगणक चार-सहा कॅमेऱ्यांना पुरतो. माणूस आणि जनावर यांत फरक करणारे सॉफ्टवेअर चालवायचे असेल तर थोडा अधिक ताकदीचा घ्यावा.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. जुन्या संगणकावर नवी विंडोज चालत नसेल तर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते. तिच्यावर झोनमाइंडर, फ्रिगेट यांसारखी मोफत सॉफ्टवेअरे चालतात. विंडोजवर ब्लू आयरिस हे विकतचे सॉफ्टवेअर मिळते. ज्याला जे येते ते वापरावे. कॅमेरा घेताना मात्र तो ‘ऑनव्हिफ’ला धरून आहे का, हे अवश्य विचारावे. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून २००८ मध्ये ठरवलेली ती समान बोली आहे. ती नसेल तर कॅमेरा त्याच कंपनीच्या पेटीशी बांधला जातो.

आता डिस्कचा हिशोब. एक साधा २ मेगापिक्सेल कॅमेरा नव्या पद्धतीने दाबून साठवला तर सेकंदाला सुमारे २ मेगाबिट धरावेत. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी झाले. चार कॅमेऱ्यांचे सुमारे ८६ जीबी. २ टीबीची डिस्क असेल तर सुमारे २३ दिवसांचे चित्रण राहते, त्यानंतर सर्वांत जुने पुसून नवे लिहिले जाते. चोरी कधी कधी आठ दिवसांनी लक्षात येते. गोदामातले पोते कमी झालेले तर महिन्याने कळते. म्हणून तीन आठवड्यांपेक्षा कमी साठा ठेवू नये. डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली, ‘सर्व्हेलन्स’ प्रकारची मागावी.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट कळते. पुष्कळ लोक म्हणतात, सगळे चित्रण मोबाईल कंपनीच्या इंटरनेटवरून बाहेर साठवू. पण रोज २ जीबी मिळणारे सिम असेल तर एकच कॅमेरा ते सव्वादोन तासांत संपवील. म्हणून खेड्यात चित्रण घरीच साठवावे आणि हालचाल झाली तेव्हाचे एखादे छायाचित्र तेवढे मोबाईलवर पाठवावे. घरच्या संगणकाचा खरा फायदा हाच आहे.

विजेचाही हिशोब पाहा. जुना मोठा संगणक ८० वॅट घेत असेल तर महिन्याला सुमारे ५८ युनिट जळतात. पुस्तकाएवढा लहान संगणक १५ वॅटवर चालतो, त्याला महिन्याला सुमारे ११ युनिट पुरतात. चार कॅमेऱ्यांचे २० वॅट आणि राऊटर-स्विचचे १० वॅट धरा. १५० अँपिअर-तासांच्या, १२ व्होल्टच्या इन्व्हर्टर बॅटरीतले निम्मेच वापरायचे असे धरले तर मोठ्या संगणकावर सर्व मिळून सुमारे ८ तास निघतात आणि लहान संगणकावर सुमारे २० तास. जुना संगणक फुकट पडला म्हणून आनंद मानण्याआधी हे गणित मांडावे. काही वर्षांच्या बिलात लहान संगणक निघून येतो.

संगणकाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, ‘वीज आली की आपोआप सुरू व्हावे’ अशी सोय असते, ती चालू करून घ्यावी. सॉफ्टवेअरही आपोआप सुरू व्हावे. नाहीतर पहाटे दोनला वीज जाऊन आली, यंत्र बंदच राहिले आणि सगळे निश्चिंत झोपलेले. संगणक दर्शनी खोलीत ठेवू नये. चोर शहाणा असेल तर तो आधी तोच उचलतो. आतल्या, वारा लागणाऱ्या, धूर आणि भुसा नसलेल्या खोलीत कुलपात ठेवावा.

घड्याळ खरे, तर चित्र खरे

आता जे सांगायचे आहे ते सर्वांत महत्त्वाचे, आणि बहुधा याकडेच दुर्लक्ष होते. चित्रण असणे वेगळे आणि ते पुरावा म्हणून उभे राहणे वेगळे.

आपल्या मराठवाड्यातलाच दाखला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी न्यायालयात आक्षेप घेतला, की उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण हा त्यातला मोठा पुरावा होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी ती निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात अपील फेटाळले गेले, पण त्याचबरोबर न्यायालयाने एक नियम पक्का केला. चित्रणाची प्रत पुराव्यात द्यायची असेल तर कायद्यात सांगितलेला लेखी दाखला तिच्याबरोबर हवाच. नुसत्या तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही.

पाहा, सगळा वाद घड्याळातल्या काही मिनिटांचा, आणि अडचण एका कागदाची! आमदारकीचा खटला जिथे अडखळला तिथे आपल्या शेळीची किंवा बांधाची काय कथा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ खाली लागणाऱ्या या दाखल्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग चित्रण देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात यंत्राची माहिती आणि त्या फाईलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. चित्रणात तिळभर बदल झाला तरी ठसा बदलतो. हे काम पोलीस आणि वकील यांच्या सल्ल्याने करावे. पण आपल्या हातातल्या तीन गोष्टी आजच करून ठेवाव्यात.

एक, संगणक आणि कॅमेरे यांची वेळ एक असावी. इंटरनेट असेल तर संगणक आपली वेळ आपोआप जुळवतो. सर्व कॅमेऱ्यांनी वेळ संगणकालाच विचारावी अशी मांडणी करून घ्यावी. दोन, जुन्या संगणकात नाण्यासारखा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ भलतेच साल दाखवू लागते. तो बदलून घ्यावा. तीन, कॅमेरे, डिस्क आणि संगणक यांच्या पावत्या, क्रमांक आणि बसवल्याची तारीख एका वहीत लिहून ती सातबाराच्या पिशवीत ठेवावी.

दाराला कुलूप, तसे कॅमेऱ्यालाही

घराला लोखंडी दार लावले आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवली, असे आपण कधी करत नाही. पण कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे अगदी हेच. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या संगणकी किडीने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेच्या जोरावर अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास आडवी केली गेली. कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा दुसऱ्याच्या चाकरीत आहे याचा पत्ताही नव्हता.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट आपल्या देशातली. २०२५ च्या फेब्रुवारीत गुजरातमधील राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण बाहेर फुटले आणि विकले गेले. पासवर्ड सहज ओळखता येण्यासारखा होता, असे तपासात निघाले.

म्हणून बसवणारा घरातून जाण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याचा, राऊटरचा आणि संगणकाचा पासवर्ड आपण स्वतः बदलावा. तो बारा अक्षरांपेक्षा लांब असावा. मुलाचे नाव, गाडीचा नंबर, जन्मसाल टाळावे. बसवणाऱ्याला किंवा गावातल्या कुणालाही तो सांगू नये. बाहेरगावच्या मुलाला चित्र पाहायचे असेल तर राऊटरमधून सरळ वाट उघडून देऊ नये. कुलूपबंद वाटेने, म्हणजे व्हीपीएनने, ते पाहता येते. मुलाकडूनच ते करून घ्यावे.

शेजारधर्म आणि लेकीबाळींची लाज

कॅमेरा आपला असला तरी अंगण शेजाऱ्याचेही असते. शेजारच्या दारावर, न्हाणीवर, पाणवठ्यावर कॅमेऱ्याची नजर पडता कामा नये. सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा तेवढा भाग काळा करण्याची सोय असते, ती वापरावी. स्त्रियांचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घरातल्या सुनांना आणि मुलींना कोणता कॅमेरा काय पाहतो हे पडद्यावर दाखवावे, आणि त्यांनी नको म्हटलेली जागा सोडावी.

सालगड्याच्या आणि कामाला येणाऱ्या बायांच्याही कानावर घालावे. माणसे चोर समजून कॅमेरा लावला आहे असे त्यांना वाटू नये. ‘येथे कॅमेरा चालू आहे’ अशी पाटी फाटकावर लावावी. प्रामाणिक माणसाला त्याची अडचण नसते आणि चोराला पाटी वाचूनच परत जाता येते. चोर पकडण्यापेक्षा तो आलाच नाही, हे केव्हाही चांगले.

बसवले म्हणजे झाले नाही

‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ अशी गत व्हायला वेळ लागत नाही. कॅमेरा भिंतीवर आहे, दिवा लुकलुकतो आहे, पण डिस्क तीन महिन्यांपूर्वीच बंद पडली आहे, असे सर्रास घडते. म्हणून घरातल्या एकाच्या नावावर हे काम करावे. दहावी-बारावीची मुलगी असेल तर ती हे उत्तम सांभाळील.

दर रविवारी चार गोष्टी पाहाव्यात. काल रात्री दोनचे चित्रण उघडून दिसते का? पडद्यावरची वेळ मोबाईलच्या वेळेशी जुळते का? सर्वांत जुने चित्रण किती दिवसांचे आहे? सर्व कॅमेऱ्यांच्या काचा स्वच्छ आहेत का? रात्री दिसण्यासाठी कॅमेऱ्याच्या तोंडाशी जे अदृश्य उजेडाचे दिवे असतात, त्यांच्याभोवती किडे जमतात आणि किड्यांसाठी कोळी जाळे विणतो. मऊ कापडाने ते पुसावे. खळ्याच्या दिवसांत भुसा उडतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा पुसावे. तीन महिन्यांतून एकदा मेन स्विच बंद करून सगळे आपोआप पुन्हा सुरू होते का, याची परीक्षा घ्यावी.

हालचालीचे इशारे फार येऊ लागले तर लोक ते बंदच करून टाकतात. वाऱ्याने हलणारे झाड, रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड, अंगणातले कुत्रे यांचा भाग इशाऱ्यातून वगळावा. रात्री अकरा ते पहाटे पाच एवढ्याच वेळात इशारा वाजावा असे ठरवावे. रात्रीत एखादाच इशारा आला तर माणूस उठतो, पन्नास आले तर कूस बदलतो.

आणि तरीही चोरी झालीच तर

एकट्याने चोराच्या मागे धावू नये. ११२ क्रमांक फिरवावा, शेजाऱ्यांना उठवावे. राज्यात अनेक ठिकाणी ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. तिच्यात एका फोनने गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर आवाज जातो. आपल्या गावात ती असेल तर नाव नोंदवून ठेवावे.

सकाळी पहिले काम म्हणजे त्या वेळचे चित्रण दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवणे, म्हणजे डिस्क भरली तरी ते पुसले जाणार नाही. दोन प्रती कराव्यात, एक पोलिसांना, एक घरी. मूळ डिस्कला हात लावू नये. चित्रण कापू नये, त्यावर अक्षरे लिहू नयेत. व्हॉट्सॲपवर गावभर फिरवू नये. पाठवताना चित्र दाबले जाते, चेहरा फिकट होतो आणि चोरालाही आपल्याकडे काय आहे ते कळते. शिवाय अंधूक चित्रावरून एखाद्या निरपराध माणसाचे नाव गावात झाले, तर ते परत घेता येत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, एका घराला हे सगळे जड वाटत असेल तर चार घरांनी मिळून करावे. आळीच्या तोंडाशी एक कॅमेरा, गोठ्यांच्या वाटेवर एक, आणि संगणक एकाच्या घरी. गाव करी ते राव न करी, हे कॅमेऱ्यालाही लागू आहे. जागल्याच्या काळातही जागल्या एकटा गाव राखत नव्हता. तो हाक देई आणि लोक कंदील घेऊन बाहेर पडत. संगणकही हाकच देणार आहे. ती हाक खरी असावी, वेळेवर असावी आणि ऐकणारे कोणी असावे, एवढी व्यवस्था आपली. या रविवारी वही-पेन्सिल घेऊन गोठ्याभोवती ती पहिली फेरी मारा. तिला पैसा लागत नाही.